दहापैकी भोपळा

हॅलो?

…हॅलो, कोण?… अगं, तू होय! मला वाटलं, परत तो चुकीचा नंबर. रोज दुपारी कुणीतरी फोन करतं, ‘दवाखाना का?’ विचारतं आणि मी नाही म्हणायच्या आत ठेवून देतं. आजारी माणसाला धीर म्हणून नसतो.

काय?… ठीक आहे की. दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी. थांब हं, एक मिनिट…

साहेब! उचलला! तिसऱ्या घंटेला उचलला!… लिहिलंत?… दोन्ही गुण? बरं, बरं.

हं, बोल ठमे.

…कोण साहेब म्हणजे? तुझेच साहेब. मूल्यमापनवाले! म्हातारी माणसं एकटी राहू शकतात की नाही ते बघणारे. आलेसुद्धा. पाऊण तास होऊन गेला… अगं ऐक ना… हो, हो… अगं आधी माझं ऐक! शाळेत तू बोलतेस आणि पाचशे पोरं ऐकतात, म्हणून तुला वाटतं सगळं जग प्रार्थनेला उभं आहे. मुख्याध्यापिका तिकडे. इकडे तू लेक. हाताची घडी, तोंडावर बोट.

…हां. अशी.

तर, फार झकास चाललंय माझं. आत्तापर्यंत एकही गुण गेलेला नाही. ठरलंय ना आपलं? चाळीसपैकी तीस पडले, की मी माझ्या घरात राहणार, आणि तू वर्षभर ‘पेटी’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि कमी पडले, तर मी मुकाट्याने पेटी भरून तुझ्या मागच्या खोलीत. त्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी. मी टेबलाकडे बघायचं, टेबलाने माझ्याकडे… नाही, टेबलाला काही म्हणत नाही मी. टेबल गुणी आहे.

…बाई? कुठल्या बाई?… अगं, रांगेत ये. एकतीस वर्षं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली मी. मधे घुसून विचारणाऱ्याला एकदाही उत्तर दिलं नाही. तुझा नंबर आला की सांगते.

माणूस मोठा शिस्तीचा आहे. बूट दाराबाहेर नाही सोडले. पिशवीत घालून आत आणले. म्हटलं, राहू द्या की बाहेर. तर म्हणे, नको आजी, उगाच लोकांना कळतं, कुणीतरी आलंय म्हणून. आहे का असा विचार करणारा माणूस आजकाल? हातात रबरी मोजे. स्वच्छता केवढी! कपसुद्धा मोज्यांनीच धरला.

…ओळखपत्र? अगं, त्यांनी माझं नाव घेतलं, वय सांगितलं, आज परीक्षा आहे हेही त्यांना माहीत. आणखी काय ओळख पाहिजे? कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकलं म्हणे. ऐकणारच! पंधरा दिवस झाले, येईल त्याला सांगतेय मी तिथे, की आमची परीक्षा आहे, चाळीस गुणांची, घरी येऊन घेतात…

फॉर्म? आहे ना. वहीत आखलाय. हाताने. छापखाना बंद आहे म्हणे सध्या.

तू ऐकतेस का? पहिला प्रश्न चहाचा. स्वतःचा स्वतः करता येतो का. केला. त्यांनाही दिला, दोन कप प्याले. मग विचारलं, साखर कुठल्या डब्यात. सांगितलं. मग म्हणाले, आणि साखरेच्या डब्यात साखरेशिवाय काय ठेवता?… अगं मलाही नवल वाटलं! बायका ठेवतात म्हणे, म्हणून तो प्रश्न घातलाय. मी म्हटलं, साखरेच्या नाही, तांदळाच्या. लगेच दोन गुण!

…का ओरडतेस?… नाही गं, तसलं काही नाही… काय?… हळू बोल. तो शब्द काढू नकोस फोनवर.

नाही म्हणायचा मला तो शब्द! काहीतरीच तुझं. कशाला म्हणू? मागच्या महिन्यात काय झालं, आठवतंय ना? खालच्या काकांना तो खोटा गॅसवाला फसवून गेला, आणि तू माझ्या डोक्यावर तो शब्द बसवलास. आई, घरात कुणी भलता माणूस शिरला, तर फोनवर नुसतं ‘भो—’ म्हणायचं… पूर्ण म्हणत नाही मी, घाबरू नकोस. आणि मग मी एकदा सहज सांगितलं, की आज बाजारातून काय आणलं, तर तू दोन पोलीस धाडलेस! बिचारे धापा टाकत वर आले. म्हणाले, कुठाय? मी म्हटलं, टोपलीत. एकाने बघितला. दुसऱ्याने हातात घेऊन हलवला. अजून मला त्या भाजीला ‘पिवळी भाजी’ म्हणावं लागतं. दुकानदार केळी देतो.

आणि वर तूच म्हणालीस ना, आई, हा शब्द ज्या दिवशी खराच म्हणायची वेळ आली, त्या दिवशी तुझं एकटं राहणं संपलं, तीस पडोत की चाळीस. मग कशी म्हणेन मी? जिभेला कुलूप.

…हो, हो… ऐकतेय… अगं, मधे तोडू नकोस ना, माझा धागा तुटतो आणि धाग्याचेसुद्धा गुण आहेत.

मग गुंड्या. स्वेटरच्या सहा गुंड्या, आरशात न बघता. लावल्या. मग जिना. सव्वीस पायऱ्या, खाली जाऊन वर यायचं. साहेब वरतीच थांबले, घड्याळ लावून. मी गेले, आले. सात मिनिटं. मी म्हटलं, जरा जास्त झाली का हो? तर म्हणाले, नाही आजी, सात म्हणजे खूप झाली, आमचं पाचात होतं.

मग दार. कडी स्वतःची स्वतः लावता येते का. लावली. मग त्यांनी ती वरची लावली, बाबा लावायचे ती, माझा हात पोचत नाही बघ. मी म्हटलं, ही मला काढता येणार नाही. ते म्हणाले, तिचे गुण धरत नाही आम्ही, आजी. म्हणजे माणूस कडक नाही. चुका पोटात घालणारा आहे.

मग शेजारपाजार. रोज कोण येतं? कुणी नाही. समोरचे? समोरचे मुलाकडे गेलेत, पुढच्या महिन्यात येतील. खालचे? खालचे काका ठार बहिरे. मग विचारलं, तुम्ही ओरडलात तर? मी म्हटलं, मी ओरडले की काकांना वाटतं मी गाते, आणि ते टाळ्या वाजवतात. फार आवडलं त्यांना ते. हसले. मग म्हणाले, फोन उचलला नाहीत, तर लेकीला काळजी कधी वाटते?

तिसऱ्या दिवशी, म्हटलं.

…का? खोटं आहे? मागे तार तुटली होती, तेव्हा कधी आली होतीस?… तिसऱ्याच ना?… अगं टोमणा नाही मारत बाई, माहिती देतेय. खिडकीत बसून बसून सवयच लागली तोंडाला. कुणी विचारलं, की उत्तर बाहेर. विचारणारा कोण, हे बघायचं काम माझं कधी नव्हतंच. त्यांनी ‘तिसरा दिवस’ लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

…आत्ता ना? आत आहेत. ऐकायची चाचणी चाललीय. ते आतल्या खोलीत आवाज करतात, मी इथे बसून ओळखायचं. थांब…

साहेब, कपाट!… बरोबर ना? डावं दार. त्याचीच बिजागरी कुरकुरते.

बघ, बरोबर… थांब, थांब… खालचा खण! साहेब, तो अडकतो, जरा वर उचलून ओढा!… हां, आला. बरोब्बर.

आता काच वाजली… बाबांचा फोटो! भिंतीवरचा!… त्याच्या मागे काही नाही हो, मी मघाशीच सांगितलं ना, पलंगाखाली!… अगं थांब, ओरडू नकोस, माझे गुण जातील. तुझ्या आवाजात मला कपाट ऐकू येत नाही.

आता ती पत्र्याची पेटी ओढली… ती मला उचलत नाही. शक्तीच्या चाचणीत तेवढं नाही जमलं. पण साहेबांनी स्वतः उचलून दाखवली. इथे दाराशी आणून ठेवली होती एकदा. परत का नेली कोण जाणे. जागा असेल अजून तिच्यात.

आणि स्मरणशक्ती! तीच तर सांगायची राहिली. दहा गुण तिला एकटीला. दहा प्रश्न. त्यात नऊ वस्तू, कुठली कुठे ठेवली ते सांगायचं. किल्ल्या, माझ्या बांगड्या, बाबांचं घड्याळ, घराची कागदपत्रं… नऊच्या नऊ सांगितल्या. ‘अं’सुद्धा केलं नाही मधे. दहावा प्रश्न मात्र वेगळा होता. म्हणाले, आजी, डोळे मिटा आणि सांगा, मी कसा दिसतो?

आता हे मला विचारायचं? अगं, सोमवारी ज्याची गाडी चुकली, त्याला मी शनिवारी तोंडावरून ओळखायची. म्हटलं, अंगात पांढरा शर्ट. वरून तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं, आणि तेही पुरुषाच्या हाताने. उंची दारापेक्षा वीतभर कमी. डाव्या कानाखाली काळा तीळ. उजवी भुवई मधे तुटलेली. आणि ‘सात’ म्हणायचं असलं, की तुम्ही ‘शात’ म्हणता.

डोळे उघडले, तर साहेब लिहायचे थांबलेले.

…काही नाही. म्हटलं, चुकलं का काही? म्हणाले, नाही आजी. सगळं बरोबर आहे. फारच बरोबर आहे. आणि वही मिटली. मघापासून आपली जाण्याची गडबड चालली होती त्यांची, पण एकदम बसलेच. मग स्वयंपाकघरात गेले आणि मोठी सुरी घेऊन आले. शेवटी सुरीची एक चाचणी घ्यायची आहे म्हणे. भाजी कुठली चिरायची, म्हटलं. तर सुरी बरोबर घेऊनच आत गेलेत.

हं. झालं माझं. आता तुझा नंबर. विचार काय विचारायचं ते.

…

…हो, बाई. मघाशी म्हणालीस. त्यांचं काय?

…

बाई येणार.

चार वाजता.

…तू घेऊन येणार. बरोबर.

आणि त्या आत्ता… तुझ्यासमोर बसल्यात? शाळेत?… चहा घेतायत.

…

…आहे. आहे मी. इथेच आहे.

सव्वातीन झालेत ना गं? माझ्या घड्याळात सव्वातीन आहेत. बरोबर आहे घड्याळ.

…

अगं… चेष्टा! चेष्टा केली मी तुझी! काय तू पण! कोण साहेब नि कसले साहेब. परीक्षेच्या आधी जरा जीभ सैल करून घेतली. तुला लहानपणापासून माझी चेष्टा कळत नाही, तू बाबांवर गेलीस… शपथ?… शपथ कशाला मधे?

बरं, ठमे, ऐक ना. सहज एक विचारते. त्या बाई बसल्याच आहेत, तर विचार त्यांना. म्हणजे आपलं असंच. समज, एखाद्या बाईने, माझ्यासारख्या, अनोळखी माणसाला घरात घेतलं. नुसतं घेतलं. चहा दिला. तर त्याचे किती गुण जातात?

…

…सगळे?

चहाचेसुद्धा? चहा तर चांगला झाला होता.

…

बरं. मग कुणी नाही. घरात कुणीच नाही. मी आहे आणि… कसला आवाज?… तो होय, रेडिओ. रेडिओवर पेटी ओढतायत. कार्यक्रम आहे पेटी ओढण्याचा… अगं, खरंच! गुंड्या लावल्यात, चहा जमतोय, जिना चढतेय, सगळं येतंय मला, एवढ्या एका गोष्टीवरून तू…

…

आलात, साहेब?

…हो. लेकीचाच. अजून तोच.

…हो का. परत?… स्मरणशक्तीच?… पहिली रद्द केली?… बरं. तुम्ही म्हणाल तसं. पण ते… ते खाली ठेवता का हातातलं? मला बघून गरगरतं… नको? बरं, राहू द्या.

ठमे, ठेवू नकोस हं. परीक्षा आहे. एकच प्रश्न.

मिटले डोळे.

…तुम्ही? तुम्ही कसे दिसता?…

…

हिरवा स्वेटर. हिरवाच ना? आणि बुटक्या. केस पिकलेले, चष्मा आहे… तुम्ही चार वाजता येणार होतात त्या बाई ना?… नाही? मग गॅसवाले… मघाशी? मघाशी मी काय म्हणाले?… तीळ? कुणाला तीळ?… मघाशी तुम्ही कुठे होतात हो, मघाशी तर इथे दुसराच माणूस होता. लठ्ठसा. त्याने माझे दोन कप चहा प्याले. तुम्ही घ्याल का चहा? तुम्हाला अजून विचारलंच नाही.

…वार? आज ना? आज… मे.

…कोण ओरडतंय? अगं बाई, कोण तू?… कुणाची आई?… मी आई नाही हो, ही चौकशीची खिडकी आहे. गाडी साडेतीनला सुटेल. फलाट दोन. सामान स्वतःच्या जबाबदारीवर ठेवा… ओरडून गाडी लवकर येत नाही, बाई. रांगेत उभ्या राहा.

साहेब, बरोबर आलं का? किती पडले?… दहापैकी?…

ठमे… ठमेच ना तू?… ऐकलंस का, साहेब काय म्हणाले? मला स्मरणशक्तीत दहापैकी भोपळा.

…

भोपळा.

…हो. बरोबर ऐकलंस. भोपळाच म्हणाले मी. पिवळी भाजी नाही म्हणाले. भोपळा.

…

…आहेस ना?

…

गोळ्या?… हो, घेतल्या की… किती?… एकच. एकच आहे, दुसरी कुठे दिसली नाही मला… पांढरी. लांबट. चांगली लांब. एका कडेला काळा ठिपका… रक्तदाबाची हो, साहेब, लेक विचारतेय. रोज विचारते… काय म्हणालीस?… हो. धार आहे तिला. घशात टोचेल अशी. वेळेवर पाणी मिळालं नाही, तर…

पाठव. ते दोघं भाऊ आले होते ना मागे, एकाने बघितला, एकाने हलवून बघितला? त्यांनाच पाठव. त्यांना माहीत आहे घर… जिना सव्वीस… वरची कडी कुणाला निघत नाही म्हणावं, आतून निघत नाही, दार जोराने… जोराने वाजवा म्हणावं. काका बहिरे आहेत.

…दहा मिनिटं? दहा फार झाली गं. मला सात लागतात. आणि मला कुणीतरी सांगत होतं, त्याचं पाचात होतं… कोण बरं सांगत होतं?…

नाही साहेब, मी गाड्यांचं बोलतेय. साडेतीनची लागली का फलाटाला?… पुसू नका हो कप, राहू द्या, मी विसळेन. सगळ्या घरभर फडकं फिरवलंत, मुलगासुद्धा एवढं करत नाही.

हं, बोल… पेटी? हो. भरते. आजच भरते… मागची खोली चालेल. टेबलही चालेल. मी इस्त्रीपण करेन तुमची, दोन बाह्या सारख्या येणार नाहीत, पण करेन… रडतेस काय? तू किती मोठी झालीस, माहितेय ना? पाचशे पोरं आहेत तुला.

…

काय, साहेब?

…कोणाशी? लेकीशी.

…लेक. माझी. ती… काय बरं नाव तिचं… तुम्हीच सांगा, तुम्ही वहीत लिहिलंय का?… नाही लिहिलंत? मग नसेल.

…नाव नाही ना आठवत. म्हणजे मला लेक आहे का नाही, हाच प्रश्न आहे. अवघड प्रश्न काढता तुम्ही.

…घंटा? वाजली की! रोज वाजते दुपारची. कुणीतरी विचारतं, दवाखाना का, आणि ठेवून देतं. मी आपली धरून बसते. दुपार जाते… मग? मग बोलते. ते ऐकत नाहीत, मीही ऐकत नाही, पण बोलते… मी म्हणाले? लेक तिसऱ्या दिवशी येते, असं म्हणाले? अहो, मी कुणाचीही वाट तिसऱ्या दिवसापर्यंत बघते. मग दुसऱ्या कुणाची बघते.

…मघापासून? हो, एकटीच. तुम्हाला कुणी बोललेलं ऐकू आलं का पलीकडून? नाही ना? मलाही नाही.

…दाखवू? दाखवते ना. तुम्हीच घ्या. कानाला लावा.

थांबा हं, आधी मी पोरांना गप्प करते, फार गोंगाट आहे… पोरांनो! सगळी पोरं! सगळ्यात मोठी पोरगीसुद्धा! तुला आयुष्यात कधी जमलं नाही ते आज कर. हाताची घडी, तोंडावर बोट. श्वासाचासुद्धा आवाज नको…

नाही हो साहेब, तुम्हाला नाही. पोरांना. ती काय, समोर बसलीत सगळी… तुम्हाला दिसत नाहीत?… बरं, असू दे. घ्या. ऐका.

…

…

…

आहे का कुणी?

…

म्हटलं नव्हतं? कुणी नाही.

आता तुम्हीच ठेवा तो जागेवर. मला ते अजून जमत ना—